परक्या शहरातली गावची खोली

मुंबईस धोबी तलावाच्या नाक्यावर जेर महाल नावाची एक जुनी इमारत आहे. तळमजल्यावर १९०४ सालापासून चालत आलेले कयानीचे इराणी हॉटेल, आजूबाजूला दुकाने, आणि वरच्या मजल्यांकडे जाणारे लाकडी जिने. खाली बसून चहात पाव बुडवून खाणाऱ्या पुष्कळांना हे ठाऊक नसते की, त्या जिन्याने वर गेले म्हणजे माणूस गोव्यात पोहोचतो. दारांवरच्या पाट्या गोव्यातील खेड्यांच्या आहेत. आत एखादी लांबट खोली, एका अंगाला गावच्या संताची मूर्ती आणि मेणबत्त्या ठेवलेली वेदी, भिंतीलगत ओळीने मांडलेल्या पेट्या. गोव्याचे लोक अशा खोलीला कूड म्हणतात. आपल्या मराठीत कूड म्हणजे काटक्यांची, मातीने लिंपलेली भिंत; कोंकणीत त्याच शब्दाचा अर्थ खोली असा आहे.

श्रोतेहो, मी मुंबईपासून दूर, कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील खजुरी या सीमेवरच्या गावी राहणारा शाळामास्तर आहे. ही गावे १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती म्हैसूर राज्यात आली आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. आमच्याकडचा माणूस पोटासाठी बाहेर पडला की सोलापूर, पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठतो. शिकून तयार झालेला मुलगा शहराला निघाला म्हणजे घरातली वडील माणसे त्याला पगाराचे मागाहून विचारतात. आधी विचारतात, "पण उतरणार कुणाकडे?"

या एका प्रश्नाचा इतिहास मला आज सांगायचा आहे. मुंबईने बाहेरच्या माणसाला कसे सामावून घेतले, ही हकिकत बहुधा गिरण्या, गोद्या आणि सरकारी योजना यांच्या अंगाने सांगितली जाते. माझ्या मते ती उतरण्याच्या जागेपासून सांगितली पाहिजे. आधी आलेल्याने मागून येणाऱ्याला जागा दिली, आणि ती बहुतेक गावाच्या नावाने दिली. सरकार त्या गोष्टीत फार उशिरा आले. परंतु ज्याच्यापाशी सांगायला गाव नव्हते, किंवा असूनही गावाने ज्याला आपले मानले नव्हते, त्याचे काय झाले, हेही त्याच हकिकतीत येते.

गोव्याचे लोक मुंबईस का आले, हे प्रथम पाहू. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्यात सांगण्यासारखा उद्योगधंदा नव्हता. जमीन गावकाऱ्यांच्या आणि भाटकारांच्या हाती होती. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात एक तह झाला. त्यातून मुरगावचे बंदर आणि रेल्वे गोव्याला मिळाली खरी, परंतु त्याच तहाने मिठाच्या धंद्यावर इंग्रजांचा ताबा आला आणि मिठागरांवर जगणारी कुटुंबे उघड्यावर पडली. १८८० नंतर रेल्वे सुरू झाली ती मालापेक्षा माणसेच अधिक बाहेर नेऊ लागली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. मुंबईत इंग्रजांच्या बंगल्यांना स्वयंपाकी आणि खानसामे हवे होते, पलटणींना बॅंडवाले हवे होते, आणि पी. ॲण्ड ओ. सारख्या बोटींच्या कंपन्यांना जेवणघरातली माणसे हवी होती. गोवेकर ख्रिस्ती मनुष्याला गोमांस किंवा डुकराचे मांस शिजविण्याची अडचण नव्हती आणि चर्चच्या शाळेत त्याचा वाद्यसंगीताशी परिचय झालेला असे. ही कामे त्याच्याकडे चालत आली.

बोटीवरच्या नोकरीची एक खोड असते. करार संपला की खलाशी किनाऱ्यावर उतरतो, आणि पुढची बोट मिळेपर्यंत आठवडे, कधी महिने, नुसते थांबावे लागते. या थांबण्याच्या काळात घरभाडे परवडत नाही आणि गावी जावे तर बोटीचा बोलावा हुकतो. कूड जन्माला आली ती बहुतांशी या अडचणीतून. एका गावच्या काही लोकांनी वर्गणी काढून एक खोली भाड्याने घेतली. तीत प्रत्येकाला चटई पसरण्यापुरती जागा आणि पेटी ठेवण्याचा हक्क मिळाला. माणूस समुद्रावर गेला तरी पेटी तिथेच राही. तीच त्याची हजेरी, तोच त्याचा पत्ता. सभासदाची वर्गणी अगदी क्षुल्लक असे. आणि सभासद कोणाला होता येई? त्या गावच्या पुरुषाला. शेजारच्या गावच्यालाही नाही.

कुडीचे नियम कडक होते. संध्याकाळी ठरलेल्या वेळी सर्वांनी वेदीसमोर बसून तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, म्हणायचीच. खोलीत दारू नाही, भांडण नाही, स्त्रियांना राहण्यास परवानगी नाही. गावच्या संताचा सण मुंबईतही पाळायचा आणि त्यासाठी वर्गणी द्यायची. कोणी आजारी पडला तर त्याच्याकडे पाहायचे, वारला तर त्याला चर्चच्या भूमीत रीतसर पोचवायचे आणि गावी कळवायचे. नवा मुलगा आला की कोणत्या साहेबाकडे जागा रिकामी आहे, कोणत्या कंपनीची भरती चालू आहे, ही बातमी कुडीतच मिळे. शिल्लक पडलेला पैसा गावचे चर्च, शाळा किंवा बॅंडची वाद्ये यांसाठी पाठवला जाई. प्रार्थनेचा नियम नुसत्या भक्तीपोटी होता असे मला, स्वतः कॅथलिक असूनही, वाटत नाही. रोज ठरल्या वेळी सर्वजण एकत्र बसले म्हणजे कोण आला नाही हे कळते; कोण तापाने पडला आहे, कोण पिऊन बाहेर पडला आहे, कोणाची बोट लागली आहे, हे एका दृष्टीत समजते. शाळेत आम्ही हजेरी घेतो ती याहून वेगळ्या कारणासाठी नव्हे.

या लोकांनी मुंबईला काय दिले याचीही आठवण ठेवली पाहिजे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत तापाने माणसे मरू लागली, तेव्हा हा प्लेग आहे हे प्रथम ओळखून जाहीर करणारे डॉक्टर आकासिओ व्हिएगस हे गोव्याच्या आर्पोऱ्याचे. पुढे १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले आणि आज त्यांचा पुतळा धोबी तलावाच्याच परिसरात उभा आहे. कोंकणी रंगभूमीवरचा 'तियात्र' हा प्रकार गोव्याचा म्हणून ओळखला जातो. त्याचा पहिला प्रयोग मात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. घर सोडून आलेला प्रेक्षकच तिथे आधी जमला होता. गोव्याच्या हिंदूंनी १९१९ साली मुंबईत गोवा हिंदू असोसिएशन स्थापन केली. तिच्या नाट्यशाखेने रंगभूमीवर आणलेले 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे नाटक मराठी माणसाला सांगायला नको. परंतु ती संस्था मुळात परमुलखात आलेल्या गोमंतकीयांच्या मदतीसाठी निघाली होती, हे आपण सहसा विसरतो.

आता कोणी म्हणेल की, हे धर्माचे बंधन होते. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला आसरा दिला. तसे नाही. मुंबई, साष्टी आणि वसई येथे पिढ्यान् पिढ्या राहणारे, मराठीची एक बोली बोलणारे कॅथलिक लोक होतेच. गोव्याचे लोक नोकऱ्यांसाठी येऊ लागले तेव्हा या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी आपण वेगळे आहोत हे दाखविण्यासाठी १८८७ मध्ये ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापून ते नाव धारण केले. एकाच चर्चमध्ये गुडघे टेकणारे हे दोन समाज बाहेर पडताच एकमेकांना परके होते. त्यात भर म्हणून पोर्तुगालच्या राजाचा 'पाद्रोआदो' आणि रोमची 'प्रोपागांदा' अशा दोन धर्मसत्ता मुंबईत शेजारी शेजारी नांदत होत्या. तो घोळ १९२८ च्या कराराने संपला. माझ्यासारखा मराठी कॅथलिक त्या काळी कुडीच्या दारात उभा राहिला असता, तर त्याला पाणी मिळाले असते, प्रार्थनेला बसता आले असते; चटई पसरता आली नसती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोवेकर मुंबईत कायद्याच्या दृष्टीने परदेशी होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत त्यातील पुष्कळजण पोर्तुगीज प्रजाजन होते. १९५५ च्या सत्याग्रहानंतर सीमा बंद झाली, गाड्या थांबल्या, गोव्यात पैसे पाठवणे अडले. नवरा माझगावला आणि बायको-मुले बार्देशात, अशी कुटुंबे दोन राष्ट्रांच्या भांडणात दुभंगली. सीमेवरच्या माणसाला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. त्या वर्षांत कूड ही नुसती निजण्याची जागा राहिली नाही; गावची खबर जर कोठे मिळाली तर तिथेच मिळे.

गोवेकरांविषयी मी इतके बोललो याचे कारण त्यांची व्यवस्था अधिक बांधीव होती. संख्येने मात्र कोकणातला गिरणी कामगार कितीतरी मोठा. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि पुढील पन्नास वर्षांत परळ-लालबागपासून वरळीपर्यंत गिरणगाव उभे राहिले. १९११ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ९ लाख ७९ हजारांच्या आसपास होती. त्यांतील फार मोठा भाग एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या माणसांचा होता. १९२१ मध्ये शहरातच जन्मलेले शेकडा १६ निघाले. म्हणजे मुंबई हे शंभरातील चौऱ्याऐंशी पाहुण्यांचे घर होते, आणि यजमान कोण हे सांगणे कठीण होते.

या माणसांसाठी गाववाल्यांची खोली होती. एका चाळीत एक खोली, भाडे सर्वांनी वाटून द्यायचे, रात्रपाळीवाला दिवसा झोपेल आणि दिवसपाळीवाला रात्री. एका वळकटीची ऊब जायच्या आत दुसरा तिच्यावर आडवा व्हायचा. भिंतीत खुंट्या आणि वर फळी. ज्याची खुंटी त्याचे कपडे. गावातून आलेल्या पोराला कोणीतरी मुकादमाकडे नेई आणि बदली म्हणून चिकटवी. गणपतीला आणि शिमग्याला निम्मी खोली गावी जाई. गावाच्या नावाने मंडळ असे, त्याची वर्गणी असे, भजन असे, आणि गावच्या देवळाच्या किंवा शाळेच्या कौलांसाठी मुंबईहून पैसे जात. फरक एवढाच की कुडीत वेदी होती आणि इथे देव्हारा.

या व्यवस्थेचे कौतुक करताना तिची दुरवस्था झाकू नये. गिरण्यांतील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी १९२० नंतर मुंबई सरकारने नेमलेल्या डॉक्टर बार्न्स बाईंना १५ फूट लांब आणि १२ फूट रुंद खोलीत सहा कुटुंबे, मुले धरून तीस माणसे, राहताना आढळली. सरकारने बांधलेल्या बी. डी. डी. चाळी याच सुमाराच्या. नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून २०७ इमारती. त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण त्या खोल्या बांधल्या सरकारने आणि माणसांनी भरल्या त्या पुन्हा गाववार.

पुरुषांच्या या खोल्यांत चूल नव्हती. मग जेवण कोठून येई? चाळीतल्याच एखाद्या बाईकडून. नवरा वारलेला किंवा पगार अपुरा, म्हणून ती दहा-वीस माणसांना महिन्याच्या ठरावाने दोन वेळा वाढी. तिला खानावळवाली म्हणत. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायच्या, पाळीप्रमाणे डबे भरायचे, आणि पगार होईपर्यंत वाण्याच्या उधारीवर भागवायचे. मुंबईच्या मजुरांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी संप आणि पुढारी यांची पाने भरली आहेत, या बाईला चार ओळी दिल्या आहेत. हे मला न्यायाचे वाटत नाही. गिरणी बंद पडली तर कामगार गावी जाऊ शके. तिची थकबाकी त्याच्याबरोबर गावी जाई. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या स्त्रियांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि प्रथम चौदा जणींना बँकेचे कर्ज मिळवून दिले. बारा-चौदा तास राबणाऱ्या या बायांना त्यापूर्वी सावकाराखेरीज कोणी ओळखत नव्हते. प्रेमाताई स्वतः गोवा मुक्तिलढ्यातल्या, म्हणजे त्याही बाहेरून आलेल्याच. १८ जानेवारी १९८२ ला जो संप सुरू झाला, आणि ज्यात सुमारे अडीच लाख कामगार होते, त्या संपात याच खानावळींनी किती महिने उधारीवर माणसे जगवली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता बंद दाराकडे वळू. गाव म्हटले की गावकूस आले, आणि गावकुसाबाहेरचा माणूसही आला. तो मुंबईत आल्यावर गाववाल्यांच्या खोलीत त्याला जागा मिळेल, अशी कल्पनाही कोणी केली नसती. गिरणीतही विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपात डॉक्टर आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. बाबासाहेबांचे स्वतःचे बिऱ्हाड परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होते. १९२४ साली परळच्या दामोदर सभागृहात त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि त्या सभेने जे पहिले विद्यार्थी वसतिगृह चालवले ते मुंबईत नव्हे, तर आमच्या शेजारच्या सोलापुरात, जानेवारी १९२५ मध्ये. या तारखेचे मला विशेष अप्रूप आहे. ज्याला कोणत्याही खोलीत उतरता येत नव्हते त्याच्यासाठी उतरण्याची जागा करणे, हेच त्या सभेला पहिले काम वाटले. पगाराची, नोकरीची, राजकारणाची गोष्ट त्यानंतर.

ज्या संस्थांनी गाव किंवा जात विचारली नाही, अशाही काही होत्या. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ पासून कामगार वस्तीत रात्रशाळा आणि फिरती वाचनालये चालवली. नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशनने १९२७ साली नेबरहूड हाऊस उघडले. त्याचे प्रमुख क्लिफर्ड मॅन्शार्ट हे शिकागोत शिकलेले. त्या शहरात जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये हल हाऊस नावाचे घर परदेशी मजुरांच्या वस्तीत काढले होते आणि सुशिक्षितांनी गरिबांच्या शेजारी राहून काम करावे हा विचार तिथून पसरला. नागपाड्यात तेव्हा मुसलमान, बगदादी व बेने इस्रायल यहुदी, हिंदू, ख्रिस्ती असे सर्व तऱ्हेचे लोक होते. मॅन्शार्ट यांनी तिथे वाचनालय, दवाखाना, वर्ग आणि खेळाचे मैदान ठेवले. १९३६ मध्ये त्याच घरात टाटांच्या समाजकार्य विद्यालयाचे वर्ग सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. या घरी मात्र वस्तीला उतरता येत नसे. पुस्तक मिळे, औषध मिळे, चेंडू मिळे. रात्री प्रत्येकाने आपापल्या खोलीत जायचे. चेंडू मात्र टिकला. नागपाडा पुढे बास्केटबॉलसाठी नावाजले.

न्यूयॉर्कमध्ये पूर्व युरोपातून गेलेल्या यहुद्यांनी हुबेहूब कुडीसारख्याच गाववार मंडळ्या काढल्या होत्या. आजाऱ्याला भत्ता, मेलेल्याला जागा, नव्या माणसाला काम. समुद्रापलीकडच्या या दोन समाजांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. पोटासाठी निघालेल्या माणसाची युक्ती बहुधा एकच असते.

परंतु जीव वाचवण्यासाठी निघालेल्याची गोष्ट वेगळी. फाळणीनंतर, विशेषतः जानेवारी १९४८ मध्ये कराचीत झालेल्या दंगलीनंतर, सिंधी हिंदू आगबोटी भरभरून मुंबईच्या धक्क्याला लागले. त्यांना "गाव कोणते" असे विचारण्यात अर्थ नव्हता. ते गावच मागे राहिले होते. सरकारला या वेळी हात आखडता घेता आला नाही. कल्याणजवळ महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत सुमारे एक लाख माणसांची सोय करण्यात आली, धान्य देण्यात आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींनी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. आजही तिथला मनुष्य पत्ता सांगताना "कॅम्प नंबर तीन" असेच सांगतो. बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबे राहू लागली. आणि थोड्याच काळात तिथेही सिंधमधल्या मूळ शहरांच्या पंचायती उभ्या राहिल्या. शिकारपूरचा शिकारपूरकराकडे गेला. म्हणजे सरकारने छप्पर दिले आणि त्याखाली माणसांनी पुन्हा गाव मांडले. मला, एक शिक्षक म्हणून, त्यांची दुसरी एक गोष्ट अधिक भावते. कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद कॉलेज काढले आणि हैदराबाद सिंधमधले नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्र्याला पुन्हा सुरू झाले. घर मिळायच्या आधी त्यांनी फळा आणि खडू मिळवला.

त्याच काळात आमच्या भागावर काय गुदरले ते सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. १९४७-४८ साली रझाकारांच्या भीतीने निजामाच्या हद्दीतील हजारो कुटुंबे सीमा ओलांडून सोलापूर, बार्शीकडे गेली. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य आले आणि संस्थान मुक्त झाले. पण त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजार असा धरला. तो अहवाल २०१३ पर्यंत लोकांसमोर नव्हता. या वेळी पळणारे लोक हैदराबाद शहराकडे गेले. एका वर्षाच्या आत एकाच मुलखातून दोन लोंढे दोन दिशांना निघाले. शरणार्थी हा शब्द आपण पहिल्या लोंढ्याला लावतो, दुसऱ्याला लावत नाही. इतिहास शिकवणाऱ्याने तरी तो दोघांना लावला पाहिजे.

आज कुडींची स्थिती पालटली आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे त्यांची भाडी जुनीच राहिली आणि खालच्या जमिनीची किंमत आभाळाला पोचली. पेट्या पुष्कळ ठिकाणी मालकांवाचून पडल्या आहेत. तरीही बोटीवरच्या नोकरीची किंवा परदेशी परवान्याची वाट पाहणारे तरुण तिथे उतरतात. गिरण्या गेल्या, गाववाल्यांच्या खोल्याही विरळ झाल्या. मंडळे मात्र गावच्या जत्रेपुरती टिकली आहेत.

आमच्याकडून जाणारा माणूस आता गिरणीत जात नाही; तो बांधकामावर जातो. तिथे ठेकेदार पत्र्याची शेड देतो आणि इमारत पुरी झाली की शेड उचलतो. जोडपी जातात, मुले बरोबर नेतात, म्हणून पुरुषांच्या जुन्या खोलीची रीत त्यांना उपयोगी पडत नाही. काम सहा महिने वाकडला, सहा महिने पनवेलला. एका जागी पेटी ठेवावी तर कोठे? परराज्यात जाणाऱ्या कामगारांसाठी १९७९ साली केंद्राने कायदा केला, त्यात ठेकेदाराने नोंद करावी, निवारा द्यावा, प्रवासखर्च द्यावा असे होते. कायदा चांगला होता. ज्यांच्यासाठी तो केला त्यांतील किती जणांनी त्याचे नाव ऐकले, हे विचारण्याचे धाडस मी करीत नाही. २०१९ पासून एका राज्याचे रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात चालण्याची सोय होऊ लागली, ही मात्र खरोखर उपयोगी पडणारी गोष्ट आहे. गाव न विचारता धान्य देणारी.

मार्च २०२० च्या २५ तारखेला देश बंद झाला तेव्हा या सगळ्याची परीक्षा झाली. ज्यांना शहरात खोली होती, गाववाले होते, ते थांबले. ज्यांना ठेकेदाराच्या शेडखेरीज काही नव्हते ते चालू लागले. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. ते जालन्याहून आपल्या मध्य प्रदेशातील गावांकडे निघाले होते. आमच्या सीमेवरही मुंबई-पुण्याहून परतणाऱ्यांना नाक्यांवर अडवून नाव, गाव विचारले जाई, आणि मग चौदा दिवस शाळांच्या इमारतींत ठेवले जाई. वर्गातले बाक एकावर एक रचून माणसे ओळीने निजली, प्रत्येकाच्या उशाला आपापली पिशवी. घरची माणसे फाटकापर्यंत भाकरी आणून देत आणि दुरूनच बोलून परत जात. त्या दिवसांत कित्येक गावांनी वेशीवर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकून रस्ते बंद केले होते. आणि बाहेर उभे होते ते त्याच गावचे लोक होते.